डावीकडून आलेले पक्षी

माझ्या सासऱ्यांच्या वहीत सहा वसंतांचे आकडे आहेत. त्यातल्या दोन वसंतांचे आकडे चुकीचे आहेत, आणि ते चुकीचे आहेत हे लिहितानाच मला ठाऊक होतं. अक्षर माझंच आहे.

मी मूळची बेळगावची. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या, म्हणून लग्न होऊन बेंगळुरूला आले तेव्हापासून मीही तसंच म्हणत आले. सासरचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठ्यांच्या फौजेबरोबर आलो आणि राहिलो, असं घरात सांगतात. मामांच्या मराठीत ‘थोडं’ऐवजी ‘स्वल्प’ आणि ‘ठीक’ऐवजी ‘सरी’ इतके मुरलेत, की ते कन्नड शब्द आहेत असं कुणी म्हटलं तर त्यांना नवल वाटतं.

मामा वेधशाळेत नोकरीला होते. ठरलेल्या वेळी तापमापक वाचायचा, पाऊस मोजायचा, वारा कुठून आहे ते बघायचं आणि तक्त्यात लिहायचं, हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. घरात मात्र बोलणं फार कमी. लग्नानंतरच्या अठरा वर्षांत ते माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. वागायला वाईट होते असं मुळीच नाही. घरात बोलायचं काम आत्यांकडे होतं, एवढंच.

आत्या गेल्यावर मामा मल्लेश्वरमच्या घरात पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर बसून राहू लागले. पेपर वाचून झाला की तोच पेपर परत पहिल्या पानापासून वाचायचे. माझ्या नवऱ्याला ऑफिसमधून उसंत नसे. मी शाळेत हिंदी शिकवते, दुपारी साडेतीनला घरी येते. त्यामुळे ते बसणं रोज मला दिसायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शनिवारी आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने देवनहळ्ळीजवळच्या तिच्या माहेरच्या बागेत बोलावलं. चकोतऱ्याची, म्हणजे पपनसाची, बाग होती. मी मामांना म्हटलं, चला. ते नको म्हणाले नाहीत, बरं असंही म्हणाले नाहीत. चपला घालून गाडीत येऊन बसले. परतताना एका तळ्याच्या बांधावर त्यांनी पाय मोकळे करायला गाडी थांबवायला लावली. तळं अर्धं आटलेलं होतं. पाणी मागे सरलेलं, आणि त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर गुडघाभर वाळकं गवत थेट पलीकडच्या निलगिरीपर्यंत पसरलेलं.

ऊन उतरत होतं. मी गाडीपाशीच उभी होते. मामा बांधावर पुढे गेले होते, ते एकदम हात वर करून म्हणाले, “अग, इकडे ये. स्वल्प हळू ये.”

गवतावरून एक पक्षी तरंगत येत होता. घारीएवढा, पण घारीपेक्षा हलका. पंख जरा वर उचललेले, अंग राखेच्या रंगाचं, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. गवताला पोट लागेल इतक्या खालून तो गेला, वळला आणि पाय खाली सोडून गवतात उतरला. दिसेनासा झाला. त्याच्या मागून दुसरा आला, तपकिरी. मग तिसरा.

“भोवत्या,” मामा म्हणाले. “लहानपणी आमच्या वडिलांनी दाखवला होता. एवढे एका जागी मी कधी बघितले नाहीत.”

अंधारून येईपर्यंत आम्ही तिथे उभे होतो. घरी येताना गाडीत मामा बोलत होते. हे पक्षी हिवाळ्यात पार मध्य आशियातून येतात, दिवसभर शेतांवर एकेकटे फिरतात आणि रात्री झोपायला मात्र सगळे एकाच गवतात जमतात. आता उन्हाळा लागला की परत जातील. दक्षिणेकडे गेलेलेही याच वाटेने वर जातील, एखाद-दोन रात्री इथे टेकतील. “मोजायला पाहिजेत,” ते म्हणाले. हेब्बाळचा पूल येईपर्यंत त्यांनी मोजायचे कसे, हेही ठरवून टाकलं होतं.

अठरा वर्षांत मी त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. घरी गाडी लावताना मी नवऱ्याला खिडकीत बघितलं आणि मला उगाच रडू आलं.

पद्धत अशी ठरली. दर शनिवार-रविवारी पाचच्या आधी बांधावर पोचायचं. मामांनी मोजायचं, मी लिहायचं. पक्षी घिरट्या घालतो तोवर मोजणीत धरायचा नाही. गवतात उतरला की धरायचा. उतरलेला पुन्हा उठून दुसरीकडे बसला तर त्याला नवा मानायचं नाही. मामांच्या हातात दुर्बीण, माझ्या हातात वही. पक्षी बसला की ते बोलायचे, “एक, नर.” “एक, मादी.” “एक, कळलं नाही.” मी रेघ मारायची. दिसेनासं झालं की बेरीज करायची, वारा कुठून होता आणि ढग किती होते ते लिहायचं. मग बांधावरच बसून थर्मासमधली कॉफी आणि मल्लेश्वरमच्या बेकरीतून आणलेला खारा बन.

पहिल्या वसंतात सगळ्यांत मोठा आकडा एकेचाळीसचा होता, मार्चच्या मध्यावर. त्यानंतर तो उतरत गेला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक, आणि मग एकही नाही. शेवटच्या दिवशी मामांनी ‘शून्य’ सांगितलं आणि मला ते अक्षरात लिहायला लावलं. “कोरं सोडायचं नाही. शून्य हाही आकडाच आहे.”

दुसरं वर्षही साधारण तसंच गेलं. नवरा थट्टेने म्हणायचा, “अप्पा, सुनेला तुम्ही पक्ष्यांच्या नादी लावलंत.” मामा हसायचे. घरातही ते बोलू लागले होते. आता जेवताना माझ्या शाळेतलं विचारायचे. मी पेपर तपासत बसले की मुलांची गमतीदार उत्तरं वाचून दाखवायला सांगायचे.

तिसऱ्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला, एका शनिवारी, आम्ही नेहमीच्या जागी उभे होतो. डावीकडून, पाण्याच्या बाजूने, तीन पक्षी एकामागून एक आले आणि आमच्यापासून फार लांब नाही अशा गवतात उतरले. मी पेन टेकवून थांबले होते. मामा काहीच बोलले नाहीत. ते समोर निलगिरीकडे बघत होते.

“मामा, डावीकडून तीन आले,” मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली. तोवर गवत स्थिर झालं होतं. “मी बघितलं असतं,” ते म्हणाले.

“आत्ताच उतरले.”

“दोघांनी मोजलं की एकच पक्षी दोनदा मोजला जातो. एकाने मोजायचं, एकाने लिहायचं. लिहिणाऱ्याने बघायचं नाही.” आवाज चढलेला नव्हता. पण तो वेधशाळेतला आवाज असावा, हाताखालच्या माणसाला सांगायचा.

मी त्या तीन रेघा मारल्या नाहीत. माझ्या हातात पेन होतं, मी बघितलं होतं, आणि मी रेघा मारल्या नाहीत.

त्यानंतरही असं होत राहिलं. कधी डावीकडचे दोन सुटायचे, कधी उजवीकडचा एखादा. समोरून येणारा पक्षी मात्र ते लांबूनच ओळखायचे. नर की मादी तेही अचूक सांगायचे. मला वाटायचं, वय झालंय, मान लवकर वळत नाही. पेपर तर ते चष्मा लावून अगदी बारीक अक्षरापर्यंत वाचत होते. डोळ्यांचा काही प्रश्न असेल असं मला तेव्हा वाटलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण ते पूर्ण खरं नाही.

कारण घरातही मला दिसत होतं. मामांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला घासायचा. जेवताना डाव्या बाजूला ठेवलेलं पाण्याचं भांडं हात लागून सांडायचं, म्हणून मी न बोलता ते उजवीकडे ठेवू लागले. एकदा बाजारातून येताना डावीकडून आलेली ऑटो त्यांना दिसलीच नाही. मी दंड धरून मागे ओढलं. ते ऑटोवाल्याला कन्नडमध्ये चार शब्द सुनावून पुढे निघाले, आणि मला वाटलं की चूक ऑटोवाल्याचीच असावी. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, “मामांचं हल्ली लक्ष नसतं.” लक्ष म्हटलं, दिसणं म्हटलं नाही. नवरा म्हणाला, “वय झालं ना.” तो विषय तिथेच संपला.

मी गप्प का राहिले, याचा विचार मी खूप केला आहे. भीती होतीच. मी चूक दाखवली तर ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, पुन्हा तोच पेपर पहिल्या पानापासून. मला त्या संध्याकाळी हव्या होत्या. शाळा आणि स्वयंपाक यांच्यामध्ये आठवड्यातले तेवढे दोन तास माझे होते. कुणीतरी माझ्याशी बोलत होतं. आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला जड जातं. त्यांना न दिसलेले पक्षी मला दिसतात, याचं मला मनातल्या मनात बरं वाटायचं. इतकी वर्षं त्या घरात मी नवीनच होते. आणि आता एक गोष्ट अशी होती की जी मला कळत होती आणि त्यांना नाही.

चौथ्या वर्षी आकडे फारच खाली आले. मार्चच्या मध्यावर, पहिल्या वर्षी जिथे एकेचाळीस होते तिथे, मामांनी बारा सांगितले. मी साधारण दुप्पट तरी बघितले होते. नक्की किती, ते मी मोजले नव्हते; लिहिणाऱ्याने बघायचं नाही, हा नियम आता माझ्या सोयीचा झाला होता.

त्या दिवशी त्यांनी कॉफी घेतली नाही. बांधावर बसून गवताकडे बघत राहिले. “जातायत ग,” ते म्हणाले. “तीन वर्षांत एवढे कमी. सगळीकडे लेआउट, घरांचे प्लॉट, गवत राहिलंय कुठे. पुढच्या दोन-चार वर्षांत एकही यायचा नाही.”

मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्याच वेळी डाव्या बाजूने एक नर खालून गेला, इतक्या जवळून की त्याच्या डोळ्याचा पिवळा रंगही मला दिसला. मामांचे डोळे पाण्याने भरले होते आणि ते समोर बघत होते. मी म्हणायला हवं होतं, मामा, ते गेले नाहीत, हे बघा. मी म्हटलं, “हो ना.”

त्या पावसाळ्यात मामांनी पक्ष्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेला पत्र लिहिलं. चार वर्षांचे आकडे तक्त्यात मांडले. मुद्दाम टाइप करून घेतले, खाली सही केली. ‘ही घट चिंताजनक आहे’ असं इंग्रजीत लिहिलं होतं. पत्र टाकायला मीच गेले. टपालपेटीपाशी मी क्षणभर थांबले होते हे मला आठवतं. मग रस्त्यावर मागून कुणीतरी हॉर्न दिला आणि मी पाकीट आत सोडलं.

त्या पत्रामुळेच पुढच्या मार्चमध्ये एक बाई आल्या. मैसूरच्या कॉलेजात शिकवायच्या, पस्तिशीच्या असतील, या पक्ष्यांचाच अभ्यास करत होत्या. मामांचे आकडे वाचून त्या फार अस्वस्थ झाल्या होत्या. एका शनिवारी त्या थेट बांधावर आल्या. मामांना ‘सर’ म्हणत होत्या. मामा खूश होते. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

बाईंनी विचारलं, “सर, मी थोडी बाजूला उभी राहून वेगळं मोजलं तर चालेल?”

“अवश्य,” मामा म्हणाले. “दोन मोजण्या असल्या तर चांगलंच.”

त्या आमच्यापासून दहा पावलांवर उभ्या राहिल्या. त्यांच्या मुठीत टिकटिक करणारं मोजणीचं छोटं यंत्र होतं. मी वही घेऊन मामांच्या मागे. पक्षी येऊ लागले. मामा गप्प असताना बाईंच्या मुठीतून टिक ऐकू यायचं. मामांनी एक सांगितला की बाईंच्या बाजूने तीन टिक. मामांनाही ते ऐकू येत असणार. त्यांनी दोनदा मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

अंधार पडला. मामा म्हणाले, “नऊ.”

बाईंनी यंत्रावरचा आकडा पुन्हा बघितला. मग हळूच म्हणाल्या, “सर, मला सव्वीस मिळाले.”

मामा हसले. अगदी मायेने, नवशिक्याला सांगावं तसं त्यांनी समजावलं, की हे पक्षी उठून परत बसतात, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “परत बसलेले मी धरलेले नाहीत, सर.”

मामा माझ्याकडे वळले. आमच्या तिघांचं बोलणं इंग्रजी-कन्नडात चाललं होतं; मला त्यांनी मराठीत विचारलं.

“तू किती बघितलेस?”

नऊ म्हटलं असतं तर दोघांविरुद्ध एक झालं असतं. त्या बाई सभ्य होत्या, काही न बोलता निघून गेल्या असत्या. मी नऊ म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मराठी कळत नसली तरी त्यांना प्रश्न कळला होता.

“चोवीस,” मी म्हटलं. “चोवीस-पंचवीस.”

मामांनी दुर्बीण खाली घेतली. मग बाईंना म्हणाले, “मी पाठवलेले आकडे सध्या बाजूला ठेवा. मी तुम्हाला परत लिहीन.” त्यांना नीट नमस्कार केला आणि गाडीकडे निघाले. वाटेत बांधाच्या कडेला त्यांचा डावा पाय घसरला. मी धरायला गेले, तर त्यांनी हात सोडवून घेतला.

गाडी विमानतळाच्या रस्त्याला लागली. हेब्बाळ आल्यावर मामा म्हणाले, “कधीपासून?”

“मागच्या वर्षीपासून.” तिथेही मी एक वर्ष कमी सांगितलं.

“मागच्या नाही,” ते म्हणाले. “त्याच्या आधीच्या. तू म्हणाली होतीस, डावीकडून तीन आले. मीच तुला गप्प केलं.”

मी गाडी चालवत होते.

“माझं चुकलं,” मामा म्हणाले. “पण तुला दिसत होतं ना? मला नाही दिसत, एवढं सांगितलं असतंस, तर मी लिहिलं असतं आणि तू मोजलं असतंस. त्यात काय होतं?”

या वाक्याने मला जे झालं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्यात काय होतं? खरंच, काय होतं? त्यांनी वही घेतली असती आणि दुर्बीण माझ्या हातात दिली असती. मी ज्याला एवढी भ्याले होते, ते त्यांनी गाडीत बसल्या बसल्या एका वाक्यात सोडवून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नवऱ्याने सुट्टी घेतली होती, पण आत मी गेले. तिथे एक तपासणी असते. एका पांढऱ्या पोकळ यंत्रात हनुवटी टेकून समोर एकटक बघायचं; आजूबाजूला बारीक दिवे लागतात; दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी तंत्रज्ञाच्या मागे बसले होते आणि कुठे दिवा लागतोय ते मला पडद्यावर दिसत होतं. डावीकडे लागला. मामांचा अंगठा हलला नाही. वर लागला. हलला नाही. पुन्हा डावीकडे. मधोमध लागला, तेव्हा लगेच दाबलं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “किती सुटले?”

“बरेच,” मी म्हटलं.

काचबिंदू होता. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. दुखत नाही, लाल होत नाही. कडेकडून दिसणं जात राहतं आणि माणसाला पत्ता लागत नाही, कारण समोरचं स्वच्छ दिसत असतं. गेलेलं परत येत नाही. आहे ते थेंब घालून राखता येतं. मग कागद बघत ते म्हणाले, “दोन-तीन वर्षांपूर्वी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं. घरात कुणाच्या काही लक्षात आलं नाही का?”

मी खाली बघितलं.

“नाही,” मामा म्हणाले. “कुणाच्याच नाही. मी एकटाच असतो दिवसभर.”

नवऱ्यालाही त्यांनी तेच सांगितलं. बांधावर काय झालं, ते घरात कधीच सांगितलं नाही. आजतागायत नवऱ्याला वाटतं, की अप्पांचा आजार कुणालाच कळण्यासारखा नव्हता.

उरलेल्या वसंतात आम्ही बांधावर काही गेलो नाही. एका रविवारी सकाळी मामांनी वही काढली आणि मला समोर बसवलं. “तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी तुला जेवढे दिसले होते, ते आठवतात का? अंदाज नको. आठवत असेल तरच सांग.”

मी प्रयत्न केला. पानं उलटली. काही संध्याकाळी आठवत होत्या; वारा, ढग, त्या नराचा पिवळा डोळा. आकडा एकही आठवेना. रोज कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकसा माझा आकडा लिहून ठेवला असता, तरी पुरलं असतं. “नाही आठवत,” मी म्हटलं.

“सरी,” ते म्हणाले. पट्टी घेऊन त्यांनी त्या दोन वर्षांच्या प्रत्येक पानावर एक तिरकी रेघ मारली. पट्टीची कड त्यांना नीट दिसत नव्हती, म्हणून पट्टी मी धरली. पाचव्या वर्षीचे नऊ खोडून तिथे बाईंचे सव्वीस लिहिले. मग बाईंना पत्र लिहिलं, की आपली दृष्टी अधू झाल्यामुळे हे आकडे ग्राह्य धरू नयेत. माझा उल्लेख केला नाही.

बाईंचं उत्तर फार चांगलं आलं. त्यात एक वाक्य होतं, ते मामांनी मला दोनदा वाचायला लावलं. बाईंच्या सव्वीसशी पहिल्या वर्षाचे एकेचाळीस ताडून बघितले, तर पक्षी खरोखरच कमी झालेले दिसतात. पण ते केव्हापासून आणि कसे, हे कळायला मधल्या दोन वर्षांचे आकडे हवे होते.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मीच म्हटलं, “मामा, जाऊया. मी मोजते, तुम्ही लिहा.” ते तयार झाले. थर्मास भरला, बन घेतले. बांधावर पोचलो तर पलीकडचा निलगिरीचा पट्टा नव्हता. गवताची जागा जेसीबीने सपाट केलेली होती. लाल मातीत रस्ते आखले होते, पिवळे दगड ओळीने रोवले होते, कमानीवर लेआउटची मोठी पाटी.

वर्षभरात मामांचं समोरचंही अंधूक झालं होतं; त्यांना एवढंच कळलं, की समोर रंग वेगळा आहे. “काय दिसतंय?” त्यांनी विचारलं.

सगळं सांगावं की नाही, असं मला वाटून गेलं. मग मी एकेक सांगितलं. गवत नाही. झाडं नाहीत. दगड किती ओळी आहेत. पाणी कुठपर्यंत आहे. त्यांनी मधेमधे बारीकसारीक विचारलं, बांधाला लागून तरी गवत आहे का, कडेला आहे का. नव्हतं. तरी आम्ही दिवस मावळेपर्यंत थांबलो. दोन भोवत्या पक्षी आले, त्या सपाट मातीवर बराच वेळ घिरट्या घालत राहिले आणि उत्तरेकडे निघून गेले. एकही उतरला नाही. मामांनी वहीत त्यांच्या मोठ्या, जरा वाकड्या अक्षरात ‘शून्य’ लिहिलं.

त्यानंतर आम्ही तिकडे गेलो नाही. बाईंना मामांनी कळवलं. त्या म्हणाल्या, पक्षी दुसरीकडे कुठेतरी बसत असतील, शोधू. अजून सापडलेली नाही ती जागा.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. उजव्या डोळ्याला मधोमध थोडं दिसतं. पेपर मी वाचून दाखवते, आणि ते बोलतात, माझी विचारपूस करतात. त्यांनी बोलणं काही बंद केलं नाही. मी ज्याला भ्याले होते ते झालंच नाही. मला रागावले असते, तर कदाचित मला सोपं गेलं असतं.

सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम माझं आहे. थेंब घातला की डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून पाच मिनिटं बसायचं असतं. ते मान मागे टाकून बसतात, मी शेजारी स्टुलावर घड्याळ बघत. त्या पाच मिनिटांत मी किती वेळा ठरवलं असेल, की आज बोलायचं. मामा, मला चौकटीला घासणारा खांदा दिसत होता. मला भांडं दिसत होतं. मी पेटीपाशी थांबले होते आणि तरी पत्र आत टाकलं. त्यांनी डॉक्टरांसमोर ‘कुणाच्याच नाही’ म्हटलं, त्यावरही मला काही बोलायचं आहे.

गेल्या सोमवारी मी सुरुवात केली. “मामा, तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“सांग की,” ते डोळे न उघडता म्हणाले.

बाहेर भाजीवाला ओरडत होता. मी म्हटलं, “आज शाळेत उशीर होईल मला. जेवण झाकून ठेवलंय.”

“सरी,” ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “झाली का पाच मिनिटं?”

“अजून दोन आहेत,” मी म्हटलं, आणि ती दोन मिनिटंही मी तशीच बसून राहिले.